झग्याची ट्रेन, ठाण्याची ट्रेन: एका इंग्रजी शब्दाचा माग कसा काढायचा

रविवारी दुपारी भाचीला घेऊन ठाणे स्टेशनात उभा होतो. कुर्ल्याला जायचं होतं आणि स्लो लोकल लेट होती. समोरच्या खांबावर कुठल्याशा जिमची जाहिरात, त्यात 'ट्रेनर' हा शब्द हाताएवढ्या अक्षरांत. भाची म्हणाली, "मामा, ही ट्रेन आणि त्या ट्रेनरमधली ट्रेन एकच का रे?" मी ठोकून दिलं, "छे गं, स्पेलिंग सारखं आहे इतकंच." कुर्ला यायच्या आत तिनं फोनवर शोधून माझं पितळ उघडं पाडलं. शब्द एकच आहे. शिवाय रूळ टाकले जायच्या चारेकशे वर्षं आधी तो झग्याला लागलेला होता.

त्या दिवसापासून आमच्या घरी हा खेळ सुरू झाला. आठवड्याला एक इंग्रजी शब्द घ्यायचा, रोज तोंडात असलेला, आणि तो आला कुठून ते शोधायचं. इंग्रजीची पदवी लागत नाही. फोन लागतो, पेन लागतं आणि थोडा संशयी स्वभाव लागतो. रीत पुढे देतो आहे. उदाहरण म्हणून ट्रेनच घेतो, कारण ठाणेकरानं दुसरं काय घ्यावं?

आधी कोश बंद ठेवा, चिठ्ठ्या काढा

पहिली चूक म्हणजे शब्द मनात आला की लगेच फोन उघडायचा. तसं केलं की पहिला अर्थ वाचून समाधान होतं आणि बाकीचे निसटतात. आधी कागदावर आपल्याला ठाऊक असलेले सगळे वापर लिहा. एका चिठ्ठीवर एकच वापर, तोही पूर्ण वाक्यासकट. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून वापरतो. जाड असतात, पत्त्यांसारखे मांडता येतात आणि पत्रिकांचं काय करायचं हा प्रश्नही सुटतो.

ट्रेनच्या चिठ्ठ्या अशा झाल्या. एक, लोकल. दोन, जिमचा ट्रेनर आणि ऑफिसातलं ट्रेनिंग. तीन, तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये भाचीच्या मैत्रिणीच्या ताईचं लग्न झालं, तेव्हा नवरीच्या गाऊनचा मागे लोळणारा घोळ दोन लहान मुलींनी उचलून धरला होता. त्यालाही ट्रेन म्हणतात. चार, 'ट्रेन ऑफ थॉट', विचारांची साखळी. पाच, वाळवंटातला उंटांचा तांडा, तीही इंग्रजीत ट्रेन. सहा, आमच्या गॅलरीच्या जाळीवर चढवलेली बोगनवेल. इंग्रजी बागकामात झाडाला असं वळवण्याला 'ट्रेन करणं' म्हणतात. सातवी चिठ्ठी भाचीनं हळूच सरकवली, 'एआय मॉडेल ट्रेन करणं', आणि स्वतःच हसली, कारण 'मॉडेल ट्रेन' म्हणजे तर खेळण्यातली आगगाडी.

चिठ्ठ्यांची ही कल्पना माझी नाही. जगातला सर्वांत मोठा इंग्रजी कोश, ऑक्सफर्डचा, असाच तयार झाला. जेम्स मरे हा त्याचा संपादक. इंग्लंडात आणि बाहेर शेकडो हौशी वाचक पुस्तकं वाचत. एखाद्या शब्दाचा वापर सापडला की शब्द, पूर्ण वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल असं एका चिठ्ठीवर लिहून त्याला टपालानं पाठवत. मरे या चिठ्ठ्या पत्र्याच्या एका शेडमध्ये बसून लावायचा. पहिला भाग 1884 साली निघाला आणि सगळा कोश पुरा व्हायला 1928 उजाडलं. तोपर्यंत मरे हयात नव्हता. त्या चिठ्ठ्यांवरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट होती साल. ते का, हे पुढे येईल.

चिठ्ठ्या झाल्या की त्यांच्या दोन गड्ड्या करा, नामाची एक आणि क्रियापदाची एक. बऱ्याच शब्दांत दोघांचे रस्ते वेगळे असतात. ट्रेनचे आहेतच.

आता तारखा

आता फोन उघडा. फुकटात मिळणाऱ्या दोन जागा पुरेशा आहेत: एटिमऑनलाइन हा व्युत्पत्तींचा कोश आणि मेरियम-वेब्स्टर हा अमेरिकन कोश. नोंद इंग्रजीत आणि तुटक असते, त्यामुळे वाचायची थोडी सवय लागते. तीन खुणा ओळखता आल्या की निम्मं काम होतं.

शतकाच्या आकड्यापुढे 'सी' असतो. '14सी' म्हणजे चौदावं शतक, अर्थात 1301 ते 1400. इथे मी स्वतः तीनदा चुकलोय, 1400 च्या पुढची वर्षं धरून बसलो. दुसरी खूण तारका, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला छोटा तारा. हा शब्द लिहिलेला कुठेही सापडलेला नाही, भाषाभ्यासकांनी हिशेब करून तो उभा केलाय, असा त्याचा अर्थ. आणि तिसरी खूण म्हणजे 'परहॅप्स' आणि 'प्रॉबब्ली' हे दोन शब्द. यांच्यावरून डोळे सरकवू नका. कोशकारानं तिथे हात आखडता घेतलाय, तर आपण कशाला सोडायचा?

आणखी एक. कोशातली तारीख म्हणजे त्या अर्थाचा सर्वांत जुना सापडलेला लेखी वापर. लोक तो शब्द त्याआधीपासून बोलत असणार. उद्या कोणाला आणखी जुना कागद सापडला की तारीख मागे जाते.

आता प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तारीख घाला आणि चिठ्ठ्या जुन्यापासून नव्याकडे जेवणाच्या टेबलावर मांडा. आमच्याकडे असं चित्र निघालं. झग्याचा मागे लोळणारा घोळ, चौदाव्या शतकाची अखेर. त्याच सुमारास राजा-सरदाराच्या मागून चालणारा लवाजमा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस कुठलीही एकामागून एक येणारी मालिका. विचारांची साखळी सतराव्या शतकाच्या मध्याची: इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जच्या 1651 च्या 'लेव्हायथन' ग्रंथात एका प्रकरणाच्या शीर्षकातच कल्पनांची 'ट्रेन' आहे. आणि रुळांवरची ट्रेन थेट 1820 च्या सुमाराला. म्हणजे 'माय ट्रेन ऑफ थॉट' हे रेल्वेवरून सुचलेलं रूपक आहे असं जे आपल्याला वाटतं, ते साफ उलटं. विचारांची गाडी आधी सुटली, लोखंडाची नंतर.

एवढ्यासाठी साल महत्त्वाचं. चिठ्ठ्या तारखेनं लावल्या नसत्या तर आम्हीही रेल्वेपासूनच सुरुवात केली असती.

दोन चिठ्ठ्यांमधला पूल

सगळ्यात मजेचा भाग हा, त्यामुळे इथे घाई नको. शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्या घ्या आणि विचारा: या अर्थावरून त्या अर्थावर भाषेनं उडी मारली कशी? पूल दिसला नाही तर मधली एखादी चिठ्ठी हरवली आहे असं समजा आणि कोशात परत जा.

ट्रेनचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. तिथे त्या क्रियापदाचा अर्थ होता ओढणे, फरफटवणे. त्याच्याही मागे कोशकार लॅटिनमधल्या 'ट्राहेरे' या क्रियापदापर्यंत जातात. अर्थ तोच, ओढणे. हा एक अर्थ हातात धरला की पूल आपोआप दिसायला लागतात. झग्याचा घोळ म्हणजे जमिनीवरून ओढला जाणारा भाग. लवाजमा म्हणजे बड्या माणसाच्या मागून ओढली जाणारी माणसं. लवाजमा रांगेनं चालतो, म्हणून रांग, मालिका. कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकीला एक जोडून ओढत नेल्या की तीही रांगच. आधी ओढायला घोडे होते, मग वाफेचं इंजिन आलं. 1825 मध्ये इंग्लंडात स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली तेव्हा शब्द आधीच तयार होता.

यात एक बारीक गंमत आहे. मुळात ट्रेन म्हणजे फक्त मागचे डबे. पुढे ओढतं ते इंजिन त्यात नव्हतं. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला जी पहिली प्रवासी गाडी आली, तिला चौदा डबे होते, चारेकशे पाहुणे होते आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. जुन्या अर्थानं ट्रेन होती ती चौदा डब्यांची. आणि आजच्या लोकलला तर पुढे ओढणारं इंजिनच नाही. मधल्या मधल्या डब्यांखाली मोटरा असतात, गाडी स्वतःच स्वतःला नेते. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली. पुढून ओढणारं कुणी उरलं नाही, नाव मात्र ओढण्याचंच राहिलं.

आता क्रियापदाची गड्डी. ओढण्यावरून शिकवण्यावर कसं जायचं? इथे मी अडलो होतो. मधली चिठ्ठी गॅलरीत होती, बोगनवेलीची. झाडाची फांदी हवी तिकडे ओढायची, बांधायची, हव्या त्या आकारात वाढवायची, हा अर्थ पंधराव्या शतकाच्या मध्याचा. सोळाव्या शतकात, 1540 च्या दशकात, तोच शब्द माणसाला शिकवण्यासाठी आला. शर्यतीसाठी किंवा सामन्यासाठी शरीर तयार करणं तर आणखी तीनशे वर्षांनी, 1830 च्या दशकात. जिममधल्या त्या ट्रेनरची वंशावळ अशी माळ्याकडून येते.

आणि हे पटायला लांब जायला नको. आपण मराठीत काय म्हणतो? मुलांना वळण लावणं. वळणदार अक्षर. "काही वळणच नाही पोराला." वेल वळवतात तसं मूल वळवायचं. इंग्रजीनं जो पूल बांधला तोच मराठीनंही स्वतंत्रपणे बांधलाय. ही माझी खास युक्ती आहे: अर्थाची उडी कळेना की मराठीत तशीच उडी कुठे आहे का ते शोधा. त्यानं व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. पण माणसाचं डोकं असं चालू शकतं, एवढं मनाला पटतं.

भावंडं शोधताना

मूळ सापडलं की त्याच मुळाचे आणखी शब्द धुंडाळा. 'ट्राहेरे'चं कुटुंब मोठं आहे: ट्रॅक्टर, ट्रॅक्शन, अट्रॅक्ट, सबट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट, काँट्रॅक्ट, डिस्ट्रॅक्ट. सगळ्यांत ओढणं आहे. पुढचा उपसर्ग दिशा सांगतो. अट्रॅक्ट म्हणजे स्वतःकडे ओढणे, एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बाहेर ओढणे, सबट्रॅक्ट म्हणजे खालून ओढून काढणे.

आता संस्कृतमधला 'कृष्' धातू घ्या. अर्थ ओढणे, नांगरणे. आकर्षण म्हणजे स्वतःकडे ओढणे. उत्कर्ष, वर ओढलं जाणं. निष्कर्ष, बाहेर ओढून काढलेलं, म्हणजे शब्दशः एक्स्ट्रॅक्टच. रेल्वेच्या सरकारी भाषेत ट्रॅक्शनला कर्षण म्हणतात ते अगदी चपखल आहे. 'कृष्' आणि 'ट्राहेरे' हे मात्र एकमेकांचे कोणी लागत नाहीत. रचना सारखी, रक्त वेगळं. भाचीनं यावर चिठ्ठ्यांचा एक वेगळा रंग ठरवला: सख्खे शब्द पांढऱ्या कागदावर, नुसते सारखे वागणारे पिवळ्यावर.

'ट्रॅक' हा रुळांचा शब्द पिवळ्यावर गेला. ट्रेन ट्रॅकवरून धावते, दोघांची सुरुवात सारखी, तेव्हा भावंडंच असणार असं वाटतं. कोश मात्र ट्रॅकला फ्रेंचमार्गे जर्मानिक, म्हणजे जर्मन-डचच्या कुळातल्या, भाषांकडे नेतात, तेही खात्रीनं नव्हे.

कट्ट्यावरच्या गोष्टी

हा भाग माझ्या फजितीचा आहे. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर एकदा मी 'पॉश' शब्दाची गोष्ट रंगवून सांगितली. इंग्लंडहून मुंबईला येणारे श्रीमंत साहेब उन्हापासून वाचायला येताना बोटीच्या डाव्या बाजूची केबिन घेत आणि जाताना उजव्या; तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची आद्याक्षरं छापत; त्यावरून पॉश. सगळे खूश झाले. एक निवृत्त जहाजी काका तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, "तसं एक तरी तिकीट कोणी बघितलंय का रे?"

नाही बघितलं. असं तिकीट आजवर कुठेही सापडलेलं नाही. शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेखी दिसतो आणि आद्याक्षरांची गोष्ट त्यानंतर काही दशकांनी. शब्द जुना, गोष्ट नवी: बनावट व्युत्पत्तीचं हे पक्कं लक्षण.

'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हेही तसंच. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचं ते अनेकवचन, 'नव्या गोष्टी'. चौदाव्या शतकापासून वापरात आहे. आणि 'गोल्फ' म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन', फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी, असं ठासून सांगणाऱ्याला 1457 सालचा स्कॉटलंडचा कायदा दाखवा. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसू नये म्हणून गोल्फ आणि फुटबॉल यांना त्यात मनाई आहे. खेळाचं नाव तेव्हाच होतं, आद्याक्षरांची भानगड नव्हती.

साधा नियम ठेवा. आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची हौस मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. रडार, लेझर हे खरोखर तसे बनले. त्याहून जुना रोजचा शब्द आद्याक्षरांतून आल्याचं कोणी सांगितलं की आधी तारीख विचारा. व्हॉट्सॲपवर तारीख कधीच नसते.

संस्कृतचा मोह

आपल्या लोकांसाठी हा वेगळा खड्डा आहे. इंग्रजी शब्द दिसला की त्यातून संस्कृत पिळून काढायचं. नातं आहे, खोटं नाही. पण ते चुलत भावंडांचं आहे, बाप-लेकाचं नव्हे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या एकाच जुन्या घराच्या वेगवेगळ्या शाखा.

नातं आवाजाच्या साम्यावर ठरत नाही, आवाज नियमानं बदललाय का यावर ठरतं. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत अस्सल घरच्या शब्दांत 'फ' येतो: पितृ आणि फादर, पाद आणि फूट. एका जोडीवर विसंबू नका, तोच बदल चार-सहा जोड्यांत दिसला पाहिजे. उलट 'डे' आणि 'दिवस' बघा. दोन्हीत 'ड-द', अर्थ एकच, नातं असणारच असं कोणीही म्हणेल. नाही. दिवसाचं नातं लॅटिनच्या 'दिएस'शी आहे, इंग्रजी 'डे'शी नाही.

आणि जिथे कोणाला शंकाही येत नाही तिथे नातं निघतं. 'प्लॅटफॉर्म' फ्रेंचमधून आला, अर्थ सपाट आकार. त्यातल्या 'प्लॅट'च्या मागे ग्रीकमधला 'प्लातुस' आहे, म्हणजे रुंद, पसरट. त्याचा संस्कृतमधला भाऊ 'पृथु', आणि त्याच्यावरून पृथ्वी. पांढरी चिठ्ठी.

शब्द आपल्याकडे आल्यावर

बहुतेक लोक मूळ सापडल्यावर थांबतात. मला वाटतं ठाण्यात बसून शोध घेणाऱ्यानं एक पाऊल पुढे टाकावं: हा शब्द मराठीत येऊन कसा वागला?

प्लॅटफॉर्मचा फलाट झाला आणि इतका घरचा झाला की 'फलाटावर' म्हणताना इंग्रजी आठवतही नाही. ट्रेनला मराठीनं आधी आगगाडी म्हटलं. इंग्रजीनं नाव ओढण्यावरून ठेवलं, आपण आगीवरून; ज्याला जे आधी दिसलं ते. पुढे ट्रेन शब्द आला तोही स्त्रीलिंगी होऊन. इंग्रजीत त्याला लिंगच नाही. आपल्याकडे 'ती गाडी', म्हणून ती ट्रेन, ती लोकल, ती बस. लोकल तर मूळचं विशेषण. पुढचं नाम गळून पडलं आणि विशेषणच धावायला लागलं. "आठ बाराची लोकल गेली" या वाक्यात 'स्थानिक' काही उरलेलं नाही.

यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश फार कामाचा. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, म्हणजे ठाण्याला गाडी आल्यानंतर चार वर्षांनी. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. त्यात शब्दापुढे एस, पी, ए, एच अशी अक्षरं असतात: संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी. परका शब्द कुठल्या दारातून आला हे बघायची ही सोय. कारण दरवाजे अनेक होते. चावी, पगार, पाव, बटाटा हे इंग्रजीतून आलेले नव्हेत, पोर्तुगीजांचे. आणि ठाणे तर 1737 पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. कागदी कोश चाळायचे असतील तर 1893 साली स्थापन झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यातच आहे. जाड कोशाची पानं उलटताना शेजारचे दहा शब्द फुकट भेटतात, ते फोनवर होत नाही.

उलटा प्रवासही तपासा. इंग्रजीतलं 'माँगूस' आपलं मुंगूस आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडून तिकडे गेलं. इंग्रजांना शेवटचं अक्षर 'गूस' म्हणजे हंसासारखं ऐकू आलं आणि स्पेलिंग तसं वळलं. म्हणून 'गूस'चं 'गीस' होतं तसं त्याचं अनेकवचन 'माँगीस' होत नाही. त्या मुंगसात हंस कधी नव्हताच.

या आठवड्यात भाचीनं 'बोगी' निवडला. आपल्याकडे बोगी म्हणजे अख्खा डबा. इंग्लंडात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. तारीख मिळाली, एकोणिसाव्या शतकाची सुरुवात. प्रदेश मिळाला, उत्तर इंग्लंडची बोली. मुळाच्या जागी कोशात दोनच शब्द होते: मूळ अज्ञात. तिनं माझ्याकडे बघितलं. मी एक गोष्ट रचणार होतो, तेवढ्यात जहाजी काका आठवले. तिनं 'मूळ अज्ञात' एवढंच लिहिलं, चिठ्ठी उलटी करून बघितली. मागे 'सहकुटुंब सहपरिवार' असं सोनेरी छापलेलं होतं. तशीच डब्यात टाकली.